पाटीवर ट्रॉमा-इन्फॉर्म्ड लिहिलंय आणि चक्क तसं वागतातही: ठाण्यात नौपाड्यातलं दिव्यांगांसाठीचं डे सेंटर

चार स्टार. पाचवा जिन्यापायी गेला, त्याबद्दल खाली लिहिलंय. ट्रॉमा-इन्फॉर्म्ड म्हणजे समोरच्याने पूर्वी काही भयानक सोसलेलं असू शकतं हे धरून त्याच्याशी वागणं. या सेंटरचे जे रिव्ह्यू आहेत ते सगळे 'खूप छान स्टाफ, खूप केअरिंग' टाइपचे दोन ओळींचे, त्यातून आमच्यासारख्यांना काही म्हणजे काही कळत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. लांब होणार आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी थेट फीच्या पॅराला जा.

माझा भाऊ ३४ वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम. बोलतो थोडंच पण कळतं सगळं, आणि आमच्या सोसायटीत माझ्यापेक्षा त्याच्या ओळखी जास्त. आई गेली तेव्हा नातेवाईकांनी त्याला 'आई गावाला गेलीय' असं सांगितलं आणि मग सगळ्यांच्या मते सोयीचं म्हणून त्याला एका हॉस्टेलला ठेवलं. नाव लिहीत नाही, ठाणे जिल्ह्यातलं नाही एवढंच सांगते. तिथे तो 'त्रास द्यायला लागला' की खोलीत घालून बाहेरून कडी लावायचे. हे आम्हाला कळलं तेही तिथल्याच एका काम करणाऱ्या मावशींकडून, ऑफिसमधून नाही. घरी आणला तेव्हा आंघोळीला जायचं म्हटलं की किंचाळायचा, उशीखाली चपात्या लपवायचा, स्वतःच्या डोक्यावर बुक्क्या मारायचा, आणि जे पंचवीस-तीस शब्द बोलायचा त्यातले निम्मे गायब.

यानंतर आम्ही घोडबंदर रोडवर आणि इकडेतिकडे दाखवत फिरलो आणि सगळीकडे एकच शब्द ऐकला, बिहेवियर. बिहेवियर इश्यू आहे, बिहेवियर चार्ट करा. आंघोळ केली की एक स्टार, पाच स्टार झाले की कॅडबरी. त्याने कॅडबरी खाल्ली आणि आंघोळ केली नाही. एका ठिकाणी गोळी वाढवली, तो दिवसभर झोपायला लागला, वजन वाढलं, आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की सुधारणा आहे. अहो झोपलेला माणूस ओरडणार कसा?

आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी 'हिस्ट्री' सांगायची, तीही त्याच्यासमोर. तो बाजूच्या खुर्चीत बसलाय, मी हॉस्टेल हा शब्द उच्चारला की त्याची मान खाली, आणि समोरचे सर पेनने टिकटिक करत 'अच्छा, मग पुढे?'

आता या सेंटरचं. फोन केला तेव्हा तिथल्या ताईंनी पहिलंच विचारलं की तो आत्ता शेजारी आहे का, असेल तर नंतर बोलू. मग मी एकटी असताना त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदाच, आणि म्हणाल्या की हे परत कुणाला सांगावं लागणार नाही, स्टाफमध्ये ज्यांना कळणं गरजेचं आहे त्यांना मी सांगेन. तसंच झालं, आजपर्यंत कोणी परत विचारलं नाही. मग त्यांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. बिल्डिंगचं गेट, जिना, त्यांचा स्वतःचा चेहरा, बसायची खुर्ची, टॉयलेट. आधी हे त्याला दाखवा, म्हणाल्या, त्याची यायची तयारी दिसली की वेळ ठरवू. हा पठ्ठ्या माझा फोन घेऊन ते फोटो मागे-पुढे करत बसायचा, टॉयलेटचा फोटो तर झूम करून करून.

पहिल्यांदा गेलो तेव्हा तो जिन्यातच बसला. ताई खाली आल्या, दोन पायऱ्या सोडून बसल्या, कोणी त्याचं बखोट धरलं नाही, 'चल चल शहाणा ना तू' केलं नाही. तो दिवस जिन्यातच गेला. पैसे पूर्ण घेतले पण, हे सांगून ठेवते :)

मी तिथे काय बघितलं ते सांगते, कारण पाटी काय कोणीही लावतं. हल्ली ट्रॉमा-इन्फॉर्म्ड हा शब्द ऑरगॅनिक गुळासारखा झालाय, जिथे तिथे. मूळ कल्पना अमेरिकेतली, तिथल्या सॅमसा नावाच्या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये तिची चौकट लिहून काढली. सुरक्षितता, विश्वास, निवड, सोबतीने काम वगैरे सहा तत्त्वं आहेत, ती यांच्याही वेटिंगमध्ये इंग्लिश पोस्टरवर चिकटवलेली आहेत आणि ती कोणीही वाचत नाही, पालक तिथे बसून रील्स बघतात. पण दारं बघा. एकाही खोलीच्या दाराला बाहेरून कडी नाही. मी टॉयलेटसकट सगळी दारं फिरून बघितली. आणि खोलीत शिरल्यावर कुठे बसायचं ते येणारा ठरवतो. माझा भाऊ आजही दाराजवळच्याच खुर्चीत बसतो, दार अर्धं उघडं लागतं, तर ते उघडंच ठेवतात, बाहेरच्या आवाजाचा त्रास ताईंना झाला तरी.

दुसरी गोष्ट, त्यांनी थेरपी लगेच सुरूच केली नाही. आधी विचारलं, थायरॉइड कधी तपासलं? कान? दात? मला वाटलं आता हे पण टेस्टच्या नादाला लावणार. पण डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडचा आणि ऐकू कमी येण्याचा त्रास कॉमन असतो, झोपेत श्वास अडकण्याचाही, आणि चाळिशीकडे स्मरणशक्तीवरसुद्धा लक्ष ठेवावं लागतं कारण अल्झायमर या लोकांना बराच लवकर गाठतो. दुखतंय हे सांगता येत नसेल तर माणूस डोक्यावर मारून घेणारच ना. कानात मळ घट्ट बसलेला निघाला आणि एक दाढ किडलेली. डोक्यावरच्या निम्म्या बुक्क्या त्या दाढेबरोबर गेल्या! आधीच्या एकाही ठिकाणी कोणी त्याचं तोंड उघडून बघितलं नव्हतं. प्रत्येक त्रासाचं खापर अपंगत्वावर फोडायच्या या सवयीला डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हणतात आणि हा शब्द १९८२ पासून आहे, म्हणजे आपल्या डॉक्टरांना कळायला वेळ भरपूर मिळाला होता.

गोळी त्यांनी बंद केली नाही, हे मला आवडलं. शनिवारी सायकियाट्रिस्ट येतात, त्यांच्याशी बोलून हळूहळू कमी केली. कोणी सेंटरवाला परस्पर 'गोळ्या सोडा, आमच्या पद्धतीने बरा होईल' म्हणाला तर तिथून पळा.

आता 'नको' बद्दल, कारण माझ्या मते यांचं खरं काम तेच आहे. आपल्या स्पेशल मुलांना लहानपणापासून आपण काय शिकवतो? ऐक. बस. हात खाली. सर सांगतील ते कर, काकांना पापी दे. पंधरा-वीस वर्षं हेच ट्रेनिंग, आणि जो सगळ्यांचं ऐकतो तो गुणी. मग कोणी वाईट माणूस भेटला तर हा त्याचंही ऐकणार. पालकांच्या मीटिंगमध्ये सायकॉलॉजिस्ट मॅडमनी आकडा सांगितला होता. २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेला एक आढावा आला, त्यात अपंग मुलांवर कुठल्या ना कुठल्या हिंसेची शक्यता इतर मुलांच्या ३.७ पट निघाली, आणि मानसिक किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांवर लैंगिक हिंसेची ४.६ पट. हॉलमध्ये एकदम शांतता. मागून एक बाबा म्हणाले, म्हणजे आम्ही त्यांना सगळ्यांना नमस्कार करायला शिकवतो ते चूक का? मॅडम म्हणाल्या, नमस्कार शिकवा, फक्त 'नको' पण शिकवा आणि तो नको म्हणाला की तुम्ही थांबा.

तर इथे हात धरायचा तरी विचारतात. दोन कार्ड असतात, हिरवं आणि लाल, शब्द नसले तरी दाखवता येतात, आणि लाल दाखवलं की समोरचा खरोखर थांबतो, 'बस एकच मिनिट' पण नाही. सुरुवातीला माझ्या भावाने लालच दाखवलं, सगळ्याला. रंगकामाला लाल, गाण्याला लाल, खाऊलासुद्धा. तो बघत होता की हे लोक कधी चिडतात. चिडले नाहीत. मग एके दिवशी रंगकामाला हिरवं निघालं.

याच्या साइड इफेक्टची घरच्यांनी तयारी ठेवावी. घरी आता मेथीच्या भाजीला नको, मामा गळ्यात पडायला आला की नको, मी टीव्ही बंद करायला सांगितलं की नको. मामा दुखावलाय. मावशीचं म्हणणं आहे की पैसे देऊन पोराला उद्धट करून आणलाय. मला विचाराल तर गेल्या काही वर्षांत त्याच्या तोंडून आलेला सगळ्यात छान शब्द आहे तो.

आंघोळीचं कसं सुटलं ते सांगते, कारण खूप जणांचा हाच प्रॉब्लेम असतो. त्यांनी भावाला काही शिकवलं नाही. आमचं बाथरूम बदलायला लावलं. कडी काढली, तिथे पडदा. शॉवर बंद, बादली आणि तांब्या, कारण डोक्यावर अचानक पाणी आलं की तो घाबरतो, तांब्या स्वतःच्या हातात असला की पाणी कधी येणार ते त्याला कळतं. साबण बदलला, हॉस्टेलमध्ये वापरायचे तो वास घरातून बाहेर. आणि वेळ त्याने ठरवायची. तर साहेबांनी वेळ ठरवली रात्री साडेनऊ. असू दे. चाळीतल्या आजीसारखं 'सकाळी पारोशाने फिरतोय' म्हणणारं आता घरात कोणी नाही.

आईबद्दल. इतकी वर्षं त्याच्यासाठी आई गावालाच होती. गावाला गेलेली माणसं परत येतात, त्यामुळे तो प्रत्येक बेलला दाराशी. ताईंनी आम्हाला सांगितलं की झोपली, देवाघरी गेली, गावाला गेली, असलं काही बोलू नका, मेली हा शब्द वापरा आणि परत येणार नाही हे सांगा, कितीदाही सांगावं लागलं तरी त्याच शब्दांत. मला ते शब्द जमेनात. मग सेंटरमध्येच एक वही केली, आईचा फोटो, हॉस्पिटलचा फोटो, आमच्या सगळ्यांचा फोटो, आणि शेवटी आईची साडी जी त्याने स्वतः कपाटातून निवडली. तो रडला, भरपूर रडला, किती दिवस ते मोजलं नाही. त्या काळात ताई रोज संध्याकाळी मला मेसेज करायच्या, ते त्यांच्या फीमध्ये नव्हतं. आता तो वही आणून आईचं पान काढतो आणि 'आई मेली' म्हणतो, पाहुण्यांनासुद्धा, पाहुणे चहाचा कप धरून गप्प. चालतंय.

आवाजाचं पण चांगलं सांभाळतात. ठाण्यात राहायचं म्हणजे दहीहंडीला डीजे, गणपतीत ढोल-ताशा, नवरात्रात टेंभीनाक्याची गर्दी, काय काय टाळणार. ते आठवडाभर आधी कॅलेंडरवर चित्र लावतात, व्हिडिओ आधी आवाज बंद करून दाखवतात मग थोडा थोडा वाढवत, कानाला लावायचे मफ देतात, आणि ज्याला नाही जमत त्याला त्या दिवशी घरी राहायची मुभा. कोणी लॉजिक लावलं नाही की सवय होईल, न्या गर्दीत.

कायद्याचं पण बरंच त्यांच्याकडूनच कळलं. मी त्याची पालक म्हणून नॅशनल ट्रस्टच्या (बौद्धिक अक्षमता, ऑटिझम वगैरे असलेल्यांसाठीची सरकारी संस्था) १९९९ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या लोकल लेव्हल कमिटीकडे अर्ज केला होता (अठरा पूर्ण झाल्यावर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे खूप घरांत माहीतच नसतं, कलेक्टर या कमिटीचे प्रमुख असतात). पण ताई म्हणाल्या, कागद तुमच्याकडे असू दे, फॉर्मवर अंगठा किंवा सही त्याचीही घेणार, त्याला चित्रातून समजावून. हॉस्टेलबद्दल त्यांनी शांतपणे सांगितलं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात छळाची तक्रार थेट एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेटकडे करता येते, करायची की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा, आम्ही ढकलणार नाही आणि अडवणारही नाही. आम्ही काय ठरवलं ते इथे लिहीत नाही. नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्याचा, एक लाखापर्यंतचा, फॉर्म भरायलाही मदत करतात, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं नसेल तर त्याच्याही मागे लागतात.

आता तक्रारी, आणि आहेत.

जिना. दुसरा मजला, लिफ्ट नाही, पायऱ्या जुन्या बिल्डिंगच्या उंच. दिव्यांगांसाठीचं सेंटर आणि व्हीलचेअरवाला वरच येऊ शकत नाही, हे कसं? विचारलं तर म्हणतात नौपाड्यात ग्राउंड फ्लोअरचं भाडं परवडत नाही. परवडत नसेल, मान्य, पण सुरक्षितता आणि निवड यांचं पोस्टर वर लावायचं आणि खाली गेटपाशी एका सीपीच्या (सेरेब्रल पाल्सी) मुलीच्या आईने तिला उचलून आणायचं हे मला डोळ्यांनी बघवत नाही. एक स्टार त्याचा.

फी. डे प्रोग्रॅम महिन्याला ₹१४,०००, सायकॉलॉजिस्टचं सेशन वेगळं ₹१,२००. सवलत आहे पण मागावी लागते, आणि मागणं किती अवघड असतं ते मागणाऱ्यालाच माहीत, ते फॉर्मवर स्वतःहून लिहायला काय जातं? नुसतं असेसमेंट हवं असेल तर आधी खारघरला एनआयईपीआयडीच्या (बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था) केंद्रात चौकशी करा, केंद्र सरकारचं आहे, खिशाला झेपतं.

रिपोर्ट इंग्लिशमध्ये. भावासाठी चित्रांचा वेगळा करतात, तो सुंदर असतो, पण माझ्या मावशीसारख्या, जी दिवसभर त्याला सांभाळते, तिला काय? मराठीत द्या म्हटलं तर 'नेक्स्ट टाइम' चालू आहे. दर वेळी मी रात्री बसून तिला वाचून दाखवते.

स्टाफ. जुने लोक सोन्यासारखे, नवीन कच्चे. एक ताई लग्न होऊन नाशिकला गेल्या, तेव्हा महिनाभर आधीपासून मुलांना फोटो दाखवून सांगितलं, शेवटच्या दिवशी नीट निरोप घेतला, नाहीतर इतर ठिकाणी शिक्षक सोमवारी नसतातच, विषय संपला. पण त्यांच्या जागी आलेल्या मुलीने पहिल्याच आठवड्यात भावाला मागून खांद्याला धरलं, तो जोरात ओरडला, आणि ती बिचारी रडायला लागली. मोठ्या ताईंनी तिलाही बाजूला घेऊन बसवलं, रागावल्या नाहीत. पद्धत बरोबर आहे, फक्त हे ट्रेनिंग मुलांसमोर आणायच्या आधी द्या.

पणत्या आणि कागदी पिशव्या. बाबांनो, अख्ख्या महाराष्ट्रातल्या सगळ्या कार्यशाळा पणत्याच का रंगवतात? इथे निवड आहे म्हणतात, पण निवड पणती की पिशवी एवढीच. माझ्या भावाला बसची तिकिटं आणि यंत्रं आवडतात. सांगितलंय, बघू.

रात्रीची इमर्जन्सी ते घेत नाहीत, राहायची सोय नाही, आणि ते पहिल्याच मीटिंगला सांगतात. 'बरा होईल का' असं मी विचारलं होतं तेव्हा उत्तर आलं की डाउन सिंड्रोम हा आजार नाही, भीती कमी होईल, किती आणि कधी ते आत्ता नाही सांगता येणार. तीन महिन्यांत रिझल्ट सांगणाऱ्यांपेक्षा हे उत्तर मला जास्त मोलाचं वाटलं.

दुसरीकडे कुठे चौकशी करत असाल तर मी काय विचारेन ते सांगते. सायकॉलॉजिस्टचा आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन नंबर मागा, खरा असेल तर लगेच देतात. मुलगा नको म्हणाला तर तुम्ही काय करता, हे विचारा आणि उत्तर देताना ते कोणाकडे बघतात ते बघा, तुमच्याकडे की त्याच्याकडे. राग आला, फेकाफेक केली तर कुठे नेता, ती खोली दाखवा म्हणा. 'क्वाएट रूम' नावाची खोली असेल आणि कडी बाहेरून असेल, तर थँक्यू म्हणून निघा.

पार्किंग नाही, गोखले रोडला गाडी लावायचा विचारही करू नका, स्टेशनवरून रिक्षा किंवा चालत. मंगळवार ते शनिवार चालू. दुपारी एक ते दोन फोन उचलत नाहीत कारण सगळे मुलांबरोबर जेवत असतात, तेव्हा व्हॉट्सॲप करा, संध्याकाळी उत्तर येतं. सध्या वेटिंग आहे, नाव आत्ताच देऊन ठेवा आणि ते फोटो लगेच मागून घ्या, ॲडमिशनला थांबू नका.